विकत घेतलेल्या पुस्तकाची पीडीएफ डाउनलोड करणं ही चोरी आहे का?

छापील प्रत घरात असताना त्याच पुस्तकाची पीडीएफ उतरवून घेतली तर चूक काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते काहीच नाही. हेच मी माझ्या दिरांना कितीदा सांगितलंय.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्या हातभर वर फळी मारून पुस्तकं ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. (धोक्याची पातळी ४५!) परतलो तेव्हा पुस्तकं फुगून फळीत अशी गच्च बसली होती की ह्यांनी पहारीने काढली. तीन पोती लगदा. पंचनाम्यात गाद्या, फ्रिज, धान्य सगळं आलं, पुस्तकांचं कुणी विचारलंही नाही.

पुढे भाचीने टेलिग्रामवरून त्यातल्या अकरा पुस्तकांच्या पीडीएफ काढून दिल्या. दीर मिरजेहून आले होते, म्हणाले, "वहिनी, स्कूटर वाहून गेली तर शोरूममधून फुकट उचलून आणाल का?" अहो, स्कूटर उचलली तर शोरूममध्ये एक कमी होते! इथे कुणाचं काय कमी झालं? लेखकाचे पैसे मी १९९४ सालीच दिलेत.

कायदा म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला थोडी मोकळीक आहे, पण अख्खं पुस्तक त्यात बसतं का, यावर वकील भांडतील. साने गुरुजींसारख्यांचा तर प्रश्नच नाही. ते १९५० साली गेले, लेखक गेल्यानंतरची कॉपीराइटची ६० वर्षांची मुदत संपली, २०११ पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची.

हां, आलेली फाइल पुढे कुणाला पाठवू नका. टोरंटने तर नकोच, त्यात उतरवता उतरवता तुम्हीही वाटत असता. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, ती खपायलाही वर्षं जातात. हयात लेखकाचं ई-बुक मिळत असेल तर सरळ विकत घ्या. मीही दोन घेतली. दिरांना हे सांगितलेलं नाही.

आणि पुरातून माझी दोनच पुस्तकं वाचली. २०१२ मध्ये दिरांनी 'आठ दिवसांत देतो' म्हणून नेलेली. मिरजेत दुसऱ्या मजल्यावर अगदी कोरडी आहेत. परत मागितली की म्हणतात, "तुमच्याकडे पीडीएफ आहे ना?"