लेकीला उंदरांच्या जीन्सवर रिसर्च करायचाय, करू देऊ का?

मुलुंडच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी टीवायबीएस्सीला, लाइफ सायन्स. तिला उंदराच्या गर्भात आणि मोठ्या उंदरात ग्रोथ फॅक्टरचे, म्हणजे वाढ घडवणाऱ्या प्रोटीन्सचे, जीन्स (जनुकं) कुठे चालू असतात, कुठे बंद होतात यावर रिसर्च करायचाय आणि घरचे म्हणतायत बीएड कर, उंदीर कापून पोट भरतं का.

ताई, नोकरीचं बोलूच, पण आधी तिला यात काय दिसलंय ते बघा. आयजीएफ-२ नावाचा जीन आहे, तो पिल्लाला पोटात वाढवतो, बंद पाडला तर पिल्लू नेहमीच्या साधारण ६० टक्के वजनाचंच जन्मतं. आणि जन्मल्यावर काही आठवड्यांत उंदराच्या बहुतेक अवयवांत तो आपोआप थंड पडतो! माणसात मात्र मोठेपणीही लिव्हर या जीनपासून बनणारं प्रोटीन रक्तात सोडत राहतं, त्यामुळे उंदरात दिसलं ते माणसात तसंच असेल असं धरून चालत नाही, तपासावं लागतं. दुसरा वीईजीएफ, रक्तवाहिन्या घडवणारा. त्याच्या आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन कॉपींपैकी एक जरी गेली तरी गर्भ पोटातच मरतो. डायबेटिसवाल्यांना डोळ्यात इंजेक्शन देतात ना, त्यातली बरीचशी याच वीईजीएफला अडवणारी असतात. तुमच्या नात्यात कुणीतरी घेतलंच असेल. म्हणून म्हणते, पोरीचा प्रश्न फालतू नाहीये, खूप चांगला आहे.

आता पैशाचं. एमएस्सी, मग नेट-जेआरएफची परीक्षा निघाली तर महिना ३७,००० फेलोशिप, वर एचआरए. पीएचडीला मुंबई सोडायलाच हवी असंही नाही, कुलाब्याला टीआयएफआर ही टाटांची मूलभूत संशोधन संस्था आहे, परळला प्रजनन आणि बाल आरोग्यावरची आयसीएमआरची संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर रिसर्च सेंटर ॲक्ट्रेक. पण पाच-सहा वर्षं पीएचडी, मग पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं टेम्पररी रिसर्चचं काम, पर्मनंट नोकरी तिशीनंतरच, हे घरात आत्ताच स्पष्ट बोलून घ्या, नाहीतर पंचविशीत लग्नाचा विषय निघाला की पोरीची ओढाताण होते, मी फार बघितलीय.

आणि तिलाही एक स्पष्ट सांगा. गर्भ बघायचा तर गाभण उंदरीण मारावी लागते, एथिक्स कमिटीची परवानगी असली तरी हात तिचेच असणार. उंदराचा गर्भ १९-२० दिवसांत पूर्ण होतो, दहाव्या दिवसाचा गर्भ हवा असेल तर तो दहाव्याच दिवशी काढायचा, मग रविवार असो की गणपती.

म्हणून एमएस्सीच्या आधी एक उन्हाळा तिला खऱ्या लॅबमध्ये घालवू द्या. तिन्ही सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप आहे, फॉर्म बरेच आधी निघतात. शिवाय थेट सायंटिस्टना मेल करायचा, त्यांचा एखादा पेपर वाचून त्यावर दोन ओळी लिहायच्या, सगळ्यांना एकच मेल कॉपी-पेस्ट केला तर कुणी उत्तर देत नाही. आर किंवा पायथन ही कम्प्युटरची भाषा आत्तापासून शिकू दे. दोन महिन्यांनी ती म्हणाली की डेटा आवडला पण उंदीर मारणं नाही जमलं, तर बायोइन्फॉर्मेटिक्सला, म्हणजे कम्प्युटरवर जीन्सचा डेटा तपासण्याच्या कामाला, घाला, तिथेही हेच जीन्स आहेत. उंदरांसकट सगळं आवडलं तर मग ताई, अडवू नका.