ब्रिटिश पासपोर्टची मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे, तरी जुलै २०२६ मध्ये स्पेनला जाता येणार नाही का?

नाही, या पासपोर्टवर जाता येणार नाही, आणि हे आताच कळले हे फार बरे झाले. आपला पासपोर्ट १२ जून २०१६ रोजी जारी झाला असून त्यावर मुदत १२ मार्च २०२७ छापलेली आहे. सप्टेंबर २०१८ पर्यंत ब्रिटनमध्ये जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात मिळवून देत असत. आपल्याला मिळालेले नऊ महिने तेच आहेत. ब्रेक्झिटनंतर (ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर) मात्र शेंगेन देशांत, म्हणजे आपापसातील सीमांवर तपासणी नसलेल्या स्पेनसारख्या युरोपीय देशांत, ब्रिटिश नागरिकाला दोन अटी स्वतंत्रपणे लागू होतात : प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट जारी होऊन दहा वर्षे उलटलेली नसावीत, आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक असावी. दुसरी अट आपण सहज पूर्ण करता, पण आपण स्पेनला पोहोचणार त्या २० जुलैला पहिली मोडते, आणि विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवते. म्हणून मुदतीच्या तारखेआधी जारी केल्याची तारीख पाहावी. घरातल्या इतरांचेही पासपोर्ट आजच काढून बघा. नूतनीकरणासाठी वेळ कमी असल्यास ब्रिटनमध्ये एका आठवड्याची जलद सेवा उपलब्ध आहे. तिचे शुल्क अधिक असते. व्हिसाची चिंता नको, कारण १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत पर्यटनासाठी तो लागत नाही.