मालेसाठी पाच-सहा तास असतील तर विमानतळावर बसून राहू नका

तुम्ही विचारलंय की विमान सकाळी उतरतं, रिसॉर्टची स्पीडबोट संध्याकाळी आहे, तर मधल्या वेळात माले शहर बघण्यासारखं आहे का. आहे, नक्की जा. मालदीवला जाऊन आलेले कितीतरी जण राजधानी फक्त विमानाच्या खिडकीतून बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

विमानतळ हुलहुले या वेगळ्या बेटावर आहे. बाहेर पडलं की समोरच धक्का, तिथून फेरीने दहा-पंधरा मिनिटांत माले. २०१८ पासून पूलही झालाय, पण जाताना तरी फेरीच घ्या. पाण्याला खेटून उभ्या इमारती जवळ येताना बघायला मिळतात. शहर एवढंसं आहे की पायीच फिरायचं.

वेळ कमी पडला तर बाकी सगळं सोडा, पण हुकुरु मिस्किय ही जुनी मशीद चुकवू नका. १६५८ साली सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याने ती प्रवाळाच्या दगडात बांधली. प्रवाळ समुद्रातून काढल्यावर मऊ असतानाच कापायचा, वाळवून कडक करायचा आणि खाचेत खाच बसवून रचायचा. चुन्याचा वापर नाही, आपल्या हेमाडपंती देवळांसारखाच. भिंतीच्या अगदी जवळ जा: बारीक कोरीव नक्षी आणि प्रवाळाची मूळची छिद्रं एकाच दगडावर दिसतात. आवारातल्या कबरींचे दगडही बघा, टोकदार पुरुषांचे, गोलसर बायकांचे. आत जायला परवानगी लागते, पण बाहेरूनच भरपूर बघण्यासारखं आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

तिथून उत्तरेकडच्या धक्क्यावर मासळीबाजार आहे. फरशीवर कुपा (ट्यूना) मासे ओळीने मांडलेले असतात आणि कापणारे बघता बघता अख्ख्या माशाचे तुकडे करून देतात. जवळच्या एखाद्या साध्या हॉटेलात चहाबरोबर हेधिका मागवा, म्हणजे तिथलं चहासोबतचं खाणं. त्यातली मासरोशी म्हणजे भरलेली छोटी रोटी, आत कुपा, खोबरं, कांदा, मिरची असते. आपल्या कोकणी जिभेला लगेच आवडते. शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या, समोशासारख्या दिसणाऱ्या बजियातसुद्धा मासा असतो.

दारूची बाटली सोबत नेऊ नका, कस्टम्समध्ये काढून घेतात. आणि तुमचा दिवस शुक्रवार असेल तर दुपारच्या नमाजापर्यंत बहुतेक दुकानं बंद असतात, त्या हिशेबाने मशीद आधी आणि खाणं नंतर ठेवा.