आवडत्या संगीतकाराच्या कामावर अन्यायकारक टीका झाली, तर चाहत्यांनी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या संगीतकाराचं नवं पार्श्वसंगीत एका समीक्षकाने दोन ओळींत 'नुसता गोंगाट' म्हणून मोडीत काढलं, चाहते त्या समीक्षकावर तुटून पडले, आणि आता त्यांच्यात सामील व्हावं की गप्प बसावं हे तुम्हाला कळत नाहीये.

गप्प बसू नका, असं मी म्हणेन. पण उत्तर देण्याआधी तो आक्षेप नेमका कोणाच्या कामावर आहे, हे शोधा. मी ते एकदा केलं नव्हतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१४ साली 'इंटरस्टेलर' हा चित्रपट आला तेव्हा ऑर्गनच्या आवाजात संवाद बुडतात अशी तक्रार सगळीकडे होती, आणि खापर त्याचा संगीतकार हान्स झिमरच्या माथी फुटत होतं. मला ते संगीत इतकं आवडलं होतं की मी एका अनोळखी माणसाला सरळ सुनावलं, तुम्हाला संगीतातलं काही कळत नाही. खरं तर त्याला संवाद ऐकू आले नव्हते हे अगदी खरं होतं. कित्येकांना आले नव्हते. संवाद, इतर ध्वनी आणि संगीत यातलं काय किती वर ठेवायचं हे शेवटच्या मिक्सिंगमध्ये ठरतं आणि तिथे शब्द चालतो दिग्दर्शकाचा. 'इंटरस्टेलर'चा दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने पुढे जाहीरपणे सांगितलंही की हे आपण जाणूनबुजून केलं आहे. म्हणजे तक्रार रास्त होती, फक्त ती चुकीच्या माणसाच्या नावावर लागली होती.

त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे केवढं होतं! नोलनने झिमरला चित्रपटाची गोष्ट न सांगता एका पानाचा मजकूर दिला होता, बाप आणि मूल यांच्या नात्याबद्दलचा. झिमरने एका दिवसात त्यावर एक छोटी रचना करून ऐकवली आणि त्यातूनच पुढचं सगळं संगीत उभं राहिलं. ऑर्गनचं ध्वनिमुद्रण लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये झालं. एवढं सांगितलं असतं तर तो माणूस कदाचित पुन्हा एकदा ऐकायला बसला असता. माझ्या रागामुळे तो बसला नसणार.

'हे अमुक सिनेमासारखं वाटतं' हा आक्षेपही असाच तपासून पाहावा लागतो. संकलन चालू असताना दृश्याखाली तात्पुरतं म्हणून तयार संगीत टाकतात, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचा त्याच्यावर जीव जडतो, आणि मग संगीतकाराला सांगितलं जातं, असंच काहीतरी दे. '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या (१९६८) वेळी तर दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने ते तयार संगीतच कायम ठेवलं. संगीतकार ॲलेक्स नॉर्थने चित्रपटासाठी रचलेलं संगीत त्याने वापरलंच नाही, आणि हे नॉर्थला पडद्यावर चित्रपट पाहताना कळलं. पार्श्वसंगीताची समीक्षा वाचताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

मात्र काही टीका खरंच अन्यायकारक असते. राहुलदेव बर्मन, म्हणजे आपला पंचम, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'संपला' असं बोललं जात होतं. चित्रपट पडत होते, काम कमी झालं होतं. पण त्याच काळातला, १९८७चा 'इजाजत' काढून ऐका. 'मेरा कुछ सामान'च्या ओळी एका मापाच्या नाहीत, बोलल्यासारख्या वाहतात. त्यांना चाल लावणं किती अवघड, हे गुणगुणून पाहिलं की कळतं. त्या गाण्यासाठी गुलजारांना आणि आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाल बांधणाऱ्याला नाही. ४ जानेवारी १९९४ला पंचम गेला. त्याच वर्षी '१९४२: अ लव्ह स्टोरी' आला आणि फिल्मफेअर पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. मला यात सगळ्यात जास्त लागतं ते हे की आज आपण त्याच्याबद्दल जे भरभरून बोलतो, ते १९८७ साली बोलता आलं असतं. गाणं तेव्हाही तेच होतं.

पण त्याचा चाहता म्हणून हेही कबूल करायला हवं की 'मेहबूबा मेहबूबा'ची चाल डेमिस रूसोस या ग्रीक गायकाच्या गाण्यावरून आली आहे. कोणी ते दाखवून दिलं तर ती अन्यायकारक टीका नव्हे. ते मान्य केलं तर 'इजाजत'बद्दलचं आपलं म्हणणं समोरचा जास्त लक्ष देऊन ऐकतो.

आणि कृपा करून दुसऱ्या संगीतकाराला खाली ओढून आपल्या आवडत्या संगीतकाराला वर काढू नका. पंचमचे आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालचे चाहते अजून एकमेकांशी भांडतात. 'दोस्ती' (१९६४) लक्ष्मीकांत-प्यारेलालचा, आणि त्यातला माउथ ऑर्गन वाजवलाय पंचमने. समीक्षकाला, त्याच्या घरच्यांना शिव्या देणाऱ्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्यांच्यात सामील होऊ नका.

तुमच्या बाबतीत आक्षेप 'गोंगाट' हा आहे ना? मग चित्रपट पुन्हा बघा आणि संगीत जिथे थांबतं त्या जागा वेळेसकट लिहून काढा. कुठल्या वाक्याआधी वाद्यं गप्प होतात, परत येताना एकच वाद्य येतं की सगळा वाद्यमेळ, तेही टिपा. मग नुसतं संगीत वेगळं, हेडफोन लावून ऐका. तिथे प्रत्येक वाद्य सुटं ऐकू आलं आणि चित्रपटात मात्र सगळं एकमेकांत मिसळलेलं वाटलं, तर दोष कदाचित मिक्सिंगचा असेल, आणि तसं त्या समीक्षकाला नीट, मुद्देसूद लिहा. सुटं ऐकूनही गोंगाटच वाटला, तर तेही स्वतःशी मान्य करा. सापडलेल्या जागा मलाही कळवा, मी त्या नक्की ऐकेन.