पिलाटीसच्या, म्हणजे पोट-पाठ बळकट करणाऱ्या व्यायामाच्या, वर्गाला पहिल्यांदा येताय ना?

ताई, रोज अजिंक्यतारा चढताय म्हणून हेही सहज जमेल असं धरून चालू नका. गडावर पाय बोलतात, इथे पोट. सुरुवातीलाच बहुधा 'हंड्रेड' करायला लावतील. पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे, हात अंगालगत सरळ ठेवून भराभर वरखाली हलवायचे. 5 हालचालींत श्वास आत, 5 मध्ये बाहेर, असं 10 वेळा. मान भरून आली तर डोकं खुशाल खाली टेका, गुडघे वाकवा. शेजारच्या काकूंकडे बघू नका, त्या जुन्या खेळाडू आहेत. श्वास तेवढा रोखू नका. नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो.

योगाची पातळ चटई नको, लोळताना मणके टोचतात. जाड घ्या. ओढणी घरी ठेवा, आणि पोहे हाणून तर येऊच नका.

कंबरदुखी असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्या मॅडमना बाजूला घेऊन सांगा. हाडं ठिसूळ असली तर पाठ गोल करून वाकायचे प्रकार टाळावे लागतात, हंड्रेडसुद्धा. तिथे भिडस्तपणा नको.

तीन महिन्यांची फी एकदम भरायची घाई करू नका. एखादा वर्ग करून बघू द्या म्हणावं.