सोडलेला गंधार

गिरगाव, मुंबई

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चंदनवाडीच्या स्मशानातून परतताना तू एक अक्षर बोलली नव्हतीस, तेव्हाच कळलं होतं की हे सगळं तुझ्या आत साचतंय. तू लिहितेस, इतकी वर्षं ज्या मास्तरांनी इतक्या जणांच्या गाण्याला पेटीवर साथ केली त्यांच्यासाठी अकरा माणसं, आणि त्यातली चार चाळीतली. मीही मोजली होती. अकराच होतो. पावसाचा दिवस होता, कामाचा वार होता. आणि खरं सांगायचं तर कळवायचं कुणाला हे काकूंना कळेचना. मास्तरांच्या मोबाइलमध्ये गाणाऱ्यांची नावं नव्हती, पट्ट्या होत्या, म्हणजे कोण पेटीच्या कुठल्या सुराला षड्ज धरून गातं ते. 'काळी एक, दादर.' 'पांढरी पाच, पार्ले.' काकू तो मोबाइल हातात घेऊन खुर्चीत बसून राहिल्या होत्या. यातली काळी चार म्हणजे मी, एवढं मला ओळखता आलं.

मास्तरांवर लिहून तू मला दाखवलेला मजकूर पाठवू नकोस असं मी त्या रात्री म्हणाले, त्याचा तुला राग आला असणार. 'एक थोर कलावंत आयुष्यभर उपेक्षित राहिला' अशी त्याची सुरुवात होती. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्यात मास्तर कुठेच नव्हते. तोच मजकूर उद्या एखाद्या सतारवाल्याच्या फोटोखालीही चालला असता. माणूस गेल्यावर आपल्याकडे दोन-चार ठरलेले शब्द तयारच असतात. ते वापरले की आपलं मन हलकं होतं आणि गेलेला माणूस आणखी पुसट होतो. तुला लिहायचं असेल तर नेमकं लिही. ते काय वाजवायचे, कसं वाजवायचे, कुठे थांबायचे.

त्यासाठी आधी एक गोष्ट मान्य करूया. मास्तर एकल वादनाचे वादक नव्हते. गणपतीत कुणी आग्रह केला तर वीस मिनिटं वाजवायचे. ते नीटनेटकं असायचं, पण लक्षात राहील असं नाही. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंत पेटीला महाराष्ट्राने मोठा मान दिला. बोरकरबुवांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मास्तरांनी मला फोन करून आनंदाने सांगितलं होतं, घरातल्या कुणाला मिळाल्यासारखं. मास्तर त्या पंक्तीतले नव्हते. त्यांना ओढूनताणून तिथे बसवू नकोस. ते साथीदार होते, आणि साथ ही एक पुरी विद्या आहे. कुठल्या तरी दुसऱ्या विद्येतलं अपयश म्हणून माणूस साथीला बसतो, असं जे लोकांना वाटतं ना, ते तुझ्या लिहिण्यातून खोडून निघायला हवं.

मी बावीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. ठाकूरद्वारला एका चाळीच्या गणेशोत्सवात माझं पहिलं गाणं. आपल्या गिरगावात हे गाणं-बजावणं पिढ्यान् पिढ्यांचं. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून या गल्ल्यांतून किती गळे तयार झाले असतील. तर त्या दिवशी मी यमन घेतला होता, विलंबित एकताल. आलाप लांबला, पुढे बसलेल्या बायकांकडे लक्ष गेलं, आणि माझी सम, तालाची पहिली मात्रा, हरवली. तबल्याचा ठेका कानावर येत होता, पण आपण कितव्या मात्रेवर आहोत ते कळेना. अंगाला घाम सुटला. मास्तरांची आणि माझी ओळख त्याच संध्याकाळची. त्यांनी मान वर केली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. समेच्या आधी दोन मात्रा मुखड्याचे, बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीचे, तीन सूर वाजले, इतके हळू की ते फक्त माझ्या कानाला ऐकू यावेत. मी ते धरले आणि समेवर आले. समोरून एक 'वा' आली. ती माझी नव्हती, पण मास्तरांनी तिकडे बघून मान डोलावली, जणू त्यांनाही ती जागा नवीनच होती.

मला गाणं ज्यांनी शिकवलं त्या गुरूंचं ऋण मी रोज मानते. पण चुकले तरी पडणार नाही हा भरवसा मला मास्तरांनी दिला, आणि त्या भरवशाशिवाय कुणी मोकळं गाऊ शकत नाही.

आता दरबारी रागाचं सांगते. हे तू नक्की लिहून ठेव. दरबारीतला कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही. तो आंदोलत राहतो, नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा जरा खालीच, आणि मध्यमाला टेकून रिषभावर उतरतो. पेटीवर पट्टी दाबली की एकच ठरीव गंधार वाजतो, गळ्यातल्या गंधाराच्या अंगावर जाणारा. पेटीवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, आंदोलन नाही. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने जिचं पेटंट घेतलं, ती ही पेटी आपल्या गाण्यासाठी जन्मलेलीच नव्हती. आपण तिला जमिनीवर बसवलं, पायाचा भाता हाताला आणला, आणि उरलेली उणीव साथीदाराच्या शहाणपणावर सोपवली. मुख्यतः या उणिवेपायी १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर पेटीला बंदी होती. मास्तर ऐन उमेदीत होते ते याच बंदीच्या दिवसांत. ज्या वाद्यात तुम्ही जीव ओतताय ते आपल्या संगीताला लायक नाही असं जाणती माणसं सांगत असताना त्यांनी रियाज केला. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटायचं? ते म्हणाले, "त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून तर जपून वाजवायचं."

आणि ते कसं जपायचे, ते मी दीड हातावरून बघितलंय. दरबारीत गंधार आला की ते गंधार वाजवायचेच नाहीत. अंगठ्याने खालचा षड्ज मंद धरलेला, डावा हात भात्यावर इतका हलका की भाता हलतोय की नाही कळू नये, आणि गंधाराच्या पट्टीवर मधलं बोट अधांतरी. टेकलेलं नाही, दूरही नाही. माझं आंदोलन संपेपर्यंत ते बोट तसंच. मी रिषभावरून षड्जावर आले की तिथे ते भेटायचे, आधी येऊन वाट बघत असल्यासारखे. श्रोत्यांना वाटायचं, बाईंचा गंधार आज काय लागलाय. तो लागायचा कारण कुणीतरी तो सोडून दिलेला असायचा.

तू हे शिकली आहेस का ते मला ठाऊक नाही. मास्तर तोंडाने फार शिकवत नसत. पण गेल्या वर्षी पार्ल्याला तू त्या मुलाच्या साथीला बसली होतीस, तेव्हा त्याने श्वास घेतला आणि तू हात उचललास. मी मागच्या रांगेत होते. मला तिथेच मास्तर दिसले.

काकूंकडे गेले होते सोमवारी. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली काढली होती, रद्दीत द्यायची म्हणून. आत गोदीच्या कचेरीतल्या जुन्या डायऱ्या, मास्तर तिथे कारकून होते तेव्हाच्या. प्रत्येक कार्यक्रमाची नोंद, त्या कारकुनी सुबक अक्षरात. कुणाचं गाणं, कुठे, पट्टी कोणती, कुठले राग, आणि शेवटी एखादं वाक्य. 'बाईंचा घसा बसलेला, वरचा षड्ज टाळतील, तिथे भरून घेतलं.' 'तबला द्रुतमध्ये पुढे पळतो, लक्ष ठेवणे.' 'मध्यंतरात चहा नाही.' माझं पान शोधायला मला धीर होत नव्हता, काकूंनीच शोधलं. 'नवीन मुलगी. काळी चार. सूर सच्चा. घाबरली की श्वास आखूड होतो. थांबायचं.'

त्या डायऱ्या रद्दीत जाणार नाहीत हे तुझं काम. काकूंना विचारून घरी ने, पानापानाचा फोटो काढ, उजेड खिडकीतून येईल असा ठेव म्हणजे पेन्सिलीच्या नोंदी उठतील. त्यात गिरगावातली, दादरची, पार्ल्याची गाणी आहेत, ज्यांचं कुठेही ध्वनिमुद्रण नाही. ज्यांच्या गळ्याची नोंद आहे त्यातले बरेच जण आता गात नाहीत. जे आहेत त्यांना फोन कर, त्यांचं पान वाचून दाखव. मास्तर गेले हे कळवायचं राहिलंय ना, ते असं कळव. तुझ्या मजकुरापेक्षा या फोनांनी माणसं जास्त हलतील, आणि तुला रडायला कुणीतरी सापडेल. मला डोंबिवलीचे एक तबलजी सापडले. अर्धा तास आम्ही दोघं फोनवर मास्तर रेल्वेच्या मालडब्यातून पेटी कशी न्यायचे तेच बोलत होतो. कोळणींच्या टोपल्यांशेजारी पेटी, तिच्यावर प्लॅस्टिक, आणि पेटीवर आडवा हात टाकून उभे मास्तर. माशाचं पाणी लागू नये म्हणून पायातली चप्पल पेटीखाली सरकवलेली.

एक सल मला आहे, तोही सांगते, म्हणजे तुझ्या उपयोगी पडेल. कॅसेटच्या जमान्यात माझी एक कॅसेट निघाली. वेष्टणावर तबल्याचं नाव होतं, पेटीचं नव्हतं. मी कंपनीला विचारलं, पुढच्या वेळी घालू म्हणाले. पुढची वेळ आली नाही. मी मास्तरांकडे जाऊन हात जोडले. त्यांनी कॅसेट लावली, दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या, आणि म्हणाले, सूर स्वच्छ आलेत. मी त्यावर समाधान मानलं. ते मानायला नको होतं. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून मी भांडले नाही, आणि यात मोठेपणा त्यांचा होता, माझा नव्हता. तू जिथे साथीला बसशील तिथे पत्रिकेवर तुझं नाव आहे का ते आधी विचार. लाजू नकोस. आणि तुझ्याबरोबर बसणाऱ्याचंही विचार. माझ्याकडे त्या कॅसेटच्या सहा प्रती उरल्यात. काल रात्री बसून सहाही वेष्टणांवर शाईच्या पेनाने त्यांचं नाव लिहिलं. उशीर झालाय हे मला कळतंय. तरी लिहिलं.

पेटीबद्दल. काकूंनी ती तुला द्यायची ठरवलीय, त्यांनी बहुतेक सांगितलं असेल. तिला हार घालून कपाटावर ठेवू नकोस. मुंबईच्या पावसात पेटी बंद राहिली की पट्ट्या फुगून अडकतात, सुरांना गंज चढतो, भात्याच्या कातड्याला बुरशी लागते. रोज पंधरा मिनिटं तरी भाता मार, सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरव, खर्जाचे सूर विशेष करून, कारण ते आपण कमी वाजवतो आणि तेच आधी मुके होतात. झुरळांसाठी खोक्यात कापूर ठेव. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा उघडून ट्यूनिंग करून घे. वरच्या सप्तकातला पंचम किंचित उतरलेला आहे, मास्तरांना ते ठाऊक होतं आणि ते तो टाळायचे. तू तो नीट करून घे. त्यांची आठवण म्हणून बेसूर ठेवायचं काही कारण नाही.

आणखी एक. काही दिवस तू त्यांच्यासारखं वाजवशील. तीच मान, तोच खाली झुकलेला डावा खांदा. होऊ दे. मीही माझ्या गुरू गेल्या तेव्हा वर्षभर त्यांच्याच आवाजात गात होते. मुद्दाम थांबवू नकोस आणि मुद्दाम धरूनही ठेवू नकोस. तुझी बोटं आखूड आहेत, त्यांची लांब होती. पुढचं तीच ठरवतील.

शोकसभेचं तू विचारलंस. हॉल, बॅनर, भाषणं मला नकोत. मास्तरांच्या अकरा माणसांना माझ्या दोन खोल्या पुरतात. तेराव्यानंतरच्या शनिवारी रात्री जेवायलाच ये. साडेनऊला बसू. डोंबिवलीचे तबलजी येतायत. काकूही येते म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या कधी गाण्याला आल्या नाहीत, घरी कुणीतरी थांबायला लागायचं. मी दरबारी गाणार आहे, साथ तू करायचीस, त्यांच्याच पेटीवर. काळी चार लावून ठेव.

आमचा जिना अरुंद आहे आणि दुसऱ्या मजल्याचा दिवा गेलाय. पेटी एकटीने वर आणू नकोस. खालून हाक मार, मी कुणाला तरी पाठवते.

तुझी,
ताई