वाचकांचे प्रश्न : सहा ताऱ्यांचे जहाज पारखताना

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एका आलिशान क्रूझवर जाण्याचे ठरवले आहे. जे जहाज आमच्या मनात आहे, त्याची जाहिरात ‘सहा तारांकित’ अशी केली जाते. ओळखीतील एका कुटुंबाने त्याची तोंडभर स्तुती केली, तर दुसऱ्या कुटुंबाने ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ असा शेरा मारला. पैसे भरण्यापूर्वी आम्ही नेमके काय तपासावे, आणि जहाजावर पाऊल ठेवल्यानंतर ते आपल्या कीर्तीला जागते आहे किंवा नाही, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : प्रथम त्या ताऱ्यांविषयी. प्रवासी जहाजांना तारे बहाल करणारी कोणतीही अधिकृत आंतरराष्ट्रीय संस्था अस्तित्वात नाही. काही तारे समीक्षकांनी दिलेले असतात, काही प्रवासी मतदानातून आलेले असतात आणि पुष्कळसे कंपनीच्या जाहिरात विभागाने स्वतःच लावून घेतलेले असतात. त्यामुळे तारे किती, यापेक्षा ते दिले कोणी आणि कोणत्या वर्षी दिले, एवढेच पाहावे आणि पुढे जावे.

खरी माहिती दोन आकड्यांत मिळते, आणि हे दोन्ही आकडे कंपन्या सहसा लपवीत नाहीत. पहिला आकडा जागेचा. जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ हे त्याचे वजन नसून आतील बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेले माप आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते सर्वत्र एकाच पद्धतीने मोजले जाते. या आकड्याला, प्रत्येक केबिनमध्ये दोघे याप्रमाणे धरलेल्या प्रवासीसंख्येने भागले की एका प्रवाशाच्या वाट्याला येणाऱ्या जागेचा अंदाज मिळतो. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले अवाढव्य जहाज सुमारे २ लाख ४८ हजार टनांचे असले, तरी त्यावर ५,६१० प्रवासी गृहीत धरलेले आहेत. म्हणजे भागाकार ४४ च्या आसपास येतो. ‘क्वीन मेरी २’ या जहाजाचा ५५ च्या घरात जातो. ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’ हे जेमतेम ५५ हजार टनांचे जहाज सुमारे ७५० प्रवाशांसाठी बांधलेले असल्याने तेथे तो ७४ च्या जवळ पोहोचतो, आणि ‘ओयरोपा २’ या जर्मन कंपनीच्या जहाजावर ८५ च्याही आसपास. मोठे जहाज म्हणजे ऐसपैस जहाज, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. अर्थात या मापात इंजिनघर आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्याही येतात आणि उघडे डेक धरले जात नाहीत. म्हणून ४४ आणि ७४ यांतील फरक बोलका असला, तरी ७२ आणि ७४ यांतील फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा माणसांचा. ‘ओयरोपा २’ वर सुमारे ५०० प्रवाशांमागे ३७० च्या आसपास कर्मचारी आहेत, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे दीड प्रवासीही येत नाही. ‘आयकॉन’ वर हेच प्रमाण एकास दोनपेक्षा अधिक आहे. आलिशान म्हणवणाऱ्या जहाजावर एका कर्मचाऱ्यामागे दोन किंवा त्याहून अधिक प्रवासी असतील, तर कर्मचारी कितीही हसतमुख असले तरी आपल्याला वाट पाहावी लागणार, हे उघड आहे. माझ्या मते जहाजावरील चैनीचे खरे माप वाट पाहण्यातच आहे : जेवणाच्या टेबलासाठी, लिफ्टसाठी, बंदरावर नेणाऱ्या छोट्या नौकेसाठी आणि आपण विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी किती थांबावे लागते, यावरून त्या जहाजाची पायरी कळते. संगमरवर आणि झुंबरे यांना मी या हिशेबात फार थोडे गुण देईन, कारण ती एकदाच विकत घेता येतात. पुरेशी आणि तयार माणसे मात्र दर महिन्याला पोसावी लागतात.

कीर्ती जहाजाची असते की मालकाची, हाही प्रश्न विचारायला हवा. ‘क्रिस्टल’ या क्रूझ कंपनीचे नाव अनेक वर्षे या क्षेत्रात आदराने घेतले जात होते. जानेवारी २०२२ मध्ये त्याची मूळ मालक कंपनी दिवाळखोरीत निघाली, आणि इंधनाच्या थकलेल्या बिलांपायी अमेरिकेत जप्तीचा आदेश निघाल्यामुळे ‘क्रिस्टल सिम्फनी’ प्रवाशांसह मायामीऐवजी बहामातील बिमिनीला नेण्यात आले. पुढे नव्या मालकांनी नाव आणि दोन जहाजे विकत घेतली, केबिनांची फेररचना केली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा समुद्रात आणली. ‘क्रिस्टल सेरेनिटी’ वर पूर्वी सुमारे ९८० प्रवासी घेतले जात, ते आता ७४० च घेतले जातात. म्हणजे २००३ सालच्या त्याच सांगाड्यात प्रत्येकाला आधीपेक्षा बरीच अधिक जागा मिळते. या जहाजाविषयी २०२१ पूर्वी लिहिले गेलेले कौतुक आणि तक्रारी, दोन्ही आज जवळजवळ निरुपयोगी आहेत, कारण ते अभिप्राय ज्या जहाजाविषयी होते ते आता त्या स्वरूपात उरलेलेच नाही.

मालक न बदलताही जहाज बदलते. सेवा देणारे कर्मचारी साधारणतः काही महिन्यांच्या करारावर येतात आणि जातात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या प्रवाशाने ज्यांची स्तुती केली, ती माणसे आपल्याला भेटतीलच असे नाही. आपल्या ओळखीतील दोन कुटुंबांची मते परस्परविरुद्ध असली, तरी दोघेही खरे बोलत असू शकतात. ते कोणत्या महिन्यात गेले, कोणत्या मार्गावर गेले आणि मुख्य म्हणजे कोणत्या केबिनमध्ये राहिले, हे त्यांना जरूर विचारावे.

केबिनच्या जागेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण निम्म्या निराशा जहाजाच्या नसून खोलीच्या असतात. जहाजाची पुढे-मागे होणारी हालचाल मध्यभागी आणि खालच्या डेकवर सर्वांत कमी जाणवते, तर सर्वांत वरच्या डेकवर अगदी पुढे सर्वांत अधिक. आणि गंमत अशी, की महागड्या केबिन पुष्कळदा नेमक्या वर असतात. ज्यांना बोट लागते, त्यांनी वरच्या मजल्याच्या प्रतिष्ठेसाठी प्रकृतीची किंमत मोजू नये. जहाजाच्या कुशीतून पाण्यात पसरणारे पंख हेलकावे कमी करतात हे खरे; परंतु ते आडव्या डोलण्यापुरतेच, आणि वेग कमी असताना त्यांचा उपयोगही कमी. आवाजाचा प्रश्न तर नकाशा पाहूनच सुटतो. पोहण्याच्या तलावाखालच्या केबिनमध्ये पहाटेच खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये बंदरात शिरताना नांगर आणि जहाजाला बाजूला सरकवणारे पाण्यातील पंखे झोपमोड करतात, आणि दोन केबिनांना जोडणाऱ्या दारातून शेजाऱ्यांचे सारे बोलणे ऐकू येते. ज्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत, ती निवडावी.

आणखी एक गोष्ट कंपनीला स्पष्ट विचारावी : जहाज दुरुस्तीसाठी शेवटचे गोदीत केव्हा गेले होते आणि पुढे केव्हा जाणार आहे? प्रवासी जहाजांच्या तळाची तपासणी पाच वर्षांत किमान दोनदा करावी लागते, आणि ती गोदीत होते तेव्हा कंपन्या त्याच वेळी गालिचे, गाद्या, फर्निचर यांची डागडुजी उरकून घेतात. गोदीत जाण्याच्या अगदी आधीचा प्रवास थकलेल्या जहाजावरचा असू शकतो. गोदीतून बाहेर पडल्यानंतरचा पहिलाच प्रवासही टाळलेला बरा, कारण अपुरी राहिलेली कामे तेव्हा प्रवाशांच्या डोळ्यांदेखत चाललेली असतात.

आता जहाजावर चढल्यानंतरचे. पहिल्या दिवसावरून निकाल देऊ नये. त्या दिवशी कर्मचाऱ्यांनी सकाळी एका ताफ्याला निरोप देऊन काही तासांत सगळे जहाज दुसऱ्यासाठी सज्ज केलेले असते. परीक्षा घ्यावी ती बंदर नसलेल्या दिवशी, जेव्हा सर्व प्रवासी जहाजावरच असतात आणि बसायला सावलीतील खुर्ची मिळते किंवा नाही, भोजनगृहात ताटकळावे लागते किंवा नाही, हे कागदावरच्या भागाकाराची शहानिशा करीत असते. जहाज वेगात असताना सर्वांत मागच्या भोजनगृहात बसून पेल्यातील पाण्याकडे पाहावे. तेथे खाली प्रोपेलर असतात, आणि पाणी सतत थरथरत असेल तर कंपने आवरण्याकडे बांधणीच्या वेळी पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते, असे समजण्यास जागा आहे.

देखभाल पाहायची असेल तर मुख्य दालनाकडे पाहू नये, ते कोठेही चकचकीतच असते. बाल्कनीच्या दाराची खाच, स्नानगृहातील फरशीच्या सांधी, कमी वर्दळीच्या जिन्याचे कठडे आणि लिफ्टसमोरचा गालिचा पाहावा. बाहेरील बाजूस थोडा गंज दिसला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. खारे पाणी कोणाचीही भीड ठेवीत नाही, आणि बंदरात रंगाचे ब्रश घेऊन कर्मचारी लटकलेले दिसणे हे उलट चांगले लक्षण आहे. दाखवून दिलेला दोष मात्र तीन दिवसांनंतरही तसाच राहिला, तर त्या जहाजावर वरिष्ठांची नजर फिरत नाही. सेवेची पारख करताना यादीत नसलेली एखादी लहानशी विनंती एकाला सांगावी आणि दुसऱ्या पाळीतील व्यक्तीला ती कळली आहे का, ते पाहावे. एकाच चतुर कर्मचाऱ्यामुळे आपली बडदास्त राखली जात असेल, तर श्रेय त्याचे. निरोप न सांगता पुढे पोहोचत असतील, तर ते जहाजाचे.

स्वच्छतेच्या बाबतीत कीर्तीवर अजिबात विसंबू नये. परदेशी प्रवास करून अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तेथील सरकारी आरोग्य यंत्रणा पूर्वसूचना न देता तपासणी करते, १०० पैकी गुण देते आणि ते जाहीरही करते. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे अनुत्तीर्ण. २०१३ मध्ये अलास्कातील स्कॅगवे बंदरात एका नामांकित आलिशान जहाजाला ८२ गुण मिळाले, आणि कर्मचाऱ्यांच्या केबिनमध्ये खाद्यपदार्थ दडवून ठेवल्याचे तपासनीसांना आढळले. आपले जहाज त्या बंदरांत जात असेल, तर त्याचे मागील काही अहवाल वाचावेत. एकूण गुणांपेक्षा एकच दोष पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे का, हे अधिक महत्त्वाचे.

प्रश्न : एका अत्यंत प्रतिष्ठित जहाजावरून नुकताच परतलो. ज्या बंदरांसाठी आम्ही हा मार्ग निवडला, त्यांपैकी दोन बंदरे वाऱ्यामुळे वगळली गेली, आणि भरपाई म्हणून केवळ बंदरशुल्क परत मिळाले. एवढ्या नावाजलेल्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती. माझा राग रास्त आहे का?

उत्तर : बंदर वगळल्याबद्दलचा राग रास्त नाही, असे स्पष्ट सांगावे लागेल. सुरक्षिततेसाठी मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाकडे असतो, प्रवासाच्या करारात तो लिहिलेला असतो, आणि बंदरशुल्क तेवढे परत करण्याची रीत महागड्या जहाजांवरही सहसा तीच आहे. किंबहुना प्रवाशांच्या नाराजीला घाबरून सोसाट्याच्या वाऱ्यात अरुंद बंदरात शिरणारा कप्तान कोणत्याही जहाजावर नसावा.

तथापि बंदर वगळल्याचे आपल्याला कसे कळले? कारण आणि पर्याय सांगणारी घोषणा स्वतः कप्तानाने वेळेवर केली, की सकाळी उठल्यावर चहूकडे पाणी दिसल्यावर आपल्याला उलगडा झाला? रिकाम्या झालेल्या त्या दिवसासाठी काही नवे कार्यक्रम उभे राहिले, की आदल्या दिवसाचेच वेळापत्रक पुन्हा वाटले गेले? जहाजाच्या नावाची कसोटी अशाच दिवशी लागते, आणि याची उत्तरे असमाधानकारक असतील तर आपली तक्रार त्या मुद्द्यावर लिहावी.

मार्गाच्या बाबतीत जहाजाचा आकार पुढील वेळी आधीच पाहावा. ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांपेक्षा मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यातून जाण्यास बंदी आहे. अंटार्क्टिकात ५०० पेक्षा अधिक प्रवासी असलेली जहाजे कोणालाही किनाऱ्यावर उतरवीत नाहीत, आणि लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी १०० जणांनाच उतरवता येते. ही बंधने प्रतिष्ठा पाहत नाहीत.

प्रश्न : मोठ्या जहाजावरील राखीव आलिशान विभाग हा लहान आलिशान जहाजाच्या तोडीचा मानावा का?

उत्तर : केबिन, स्वतंत्र भोजनगृह आणि दिमतीला असणारा कर्मचारी यांपुरता मानता येईल. २००८ मध्ये ‘एमएससी फँटसिया’ वर ‘यॉट क्लब’ हा असा राखीव विभाग सुरू झाला, तेव्हापासून ही कल्पना अनेक कंपन्यांनी उचलली आहे आणि काहींनी ती उत्तम सांभाळली आहे. परंतु राखीव दरवाजाबाहेर पडताच आपण त्या जहाजावरील हजारोंपैकी एक असतो : नाट्यगृह तेच, उतरण्याचे बंदर तेच आणि त्या बंदरातील गर्दीही तीच. ज्यांना संध्याकाळी गजबज आणि रात्री शांतता, दोन्ही हवे असते, त्यांना हा पर्याय लहान जहाजापेक्षाही अधिक मानवतो. पैसे भरण्यापूर्वी त्या विभागाची स्वतंत्र प्रवासीसंख्या विचारावी आणि तेथील उघडा डेक किती मोठा आहे, हे नकाशावर पाहून घ्यावे.